वाचकांचे प्रश्न : टेस्टोस्टेरॉन कमी आलंय, इंजेक्शन घेऊ का?

प्रश्न : वय ४६, चिंचवडला राहतो, कंपनीत शिफ्ट ड्युटी. वजन ९४ किलो, शुगरची गोळी चालू आहे. वर्षभर खूप थकवा, इच्छा कमी, चिडचिड. कंपनीतर्फे फुल बॉडी चेकअप झालं त्यात टोटल टेस्टोस्टेरॉन २४८ आलं, खाली लाल अक्षरात लो लिहिलंय. जिममधला एक मित्र म्हणतो महिन्याला दोन इंजेक्शनं घे, बदलून जाशील. बायको म्हणते आधी विचार. एकदा चालू केलं की जन्मभर घ्यावं लागतं का? हार्टला धोका आहे का?

उत्तर : वहिनी बरोबर म्हणतायत. तुम्ही सोबत रिपोर्टचा फोटो पाठवलाय म्हणून सांगतो, त्यात रक्त घेतल्याची वेळ दुपारी ३.४० आहे, म्हणजे तुम्ही डबा खाऊन गेला होतात. हा हार्मोन सकाळी सगळ्यात जास्त असतो, दिवस चढेल तसा उतरतो, आणि जेवण झालं की अजून खाली येतो. त्यामुळे या २४८ वर मी तरी काहीच ठरवणार नाही. सकाळी ७ ते १० च्या मध्ये, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी तपासायचं, आणि नाईट शिफ्ट करून थेट लॅबमध्ये जायचं नाही, दोन-तीन रात्री नीट झोप झाल्यावरच जा. ताप, डेंग्यू असं काही होऊन गेलं असेल तर महिनाभर थांबा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा, त्यांनी काही मशीनवर आकडा खोटाच वाढून दिसतो. पहिल्यांदा कमी आलेल्यांपैकी ३० टक्क्यांच्या आसपास लोकांचा दुसऱ्या वेळी नॉर्मल येतो, हे चेकअपच्या पॅकेजवाले कुणी सांगत नाहीत.

आता दोन्ही वेळा कमी आलं असं धरू. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांच्या संघटनेने, २०१८ च्या गाइडलाइनमध्ये २६४ ही खालची मर्यादा धरलीय, तिथल्याच युरॉलॉजीवाल्यांनी ३००, म्हणजे तज्ज्ञांचंही एकमत नाही, आणि दोघंही म्हणतात की नुसता आकडा नको, तक्रारीही हव्यात. तुमचं वजन आणि शुगर बघता अजून एक गोष्ट आहे. लठ्ठपणात रक्तातलं एसएचबीजी नावाचं प्रोटीन कमी होतं, टेस्टोस्टेरॉनचा मोठा भाग त्यालाच चिकटून फिरत असतो, त्यामुळे टोटल कमी दिसतं पण कामाचं, म्हणजे फ्री टेस्टोस्टेरॉन ठीक असू शकतं. म्हणून एसएचबीजी करून फ्री काढून घ्या. सोबत एलएच, एफएसएच (मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी ज्यांतून वृषणांना हुकूम देते ते हार्मोन), प्रोलॅक्टिन, थायरॉइड, बी-१२ आणि सीबीसी. एलएच वाढलेलं असेल तर बिघाड वृषणांत आहे, म्हणजे जन्मजात क्लाइनफेल्टर असेल, मोठेपणी गालगुंड होऊन वृषणं सुजली असतील, केमो झाली असेल. एलएच कमी किंवा नुसतंच नॉर्मल असेल तर वरून, पिट्युटरीकडून हुकूम कमी येतोय. तिथे गाठ आहे का बघावं लागतं, पण तुमच्यासारख्यांत बहुतेक वेळा कारण पोट, झोप, दारू आणि शुगर हेच असतं. घोरता का? हे वहिनींना विचारा, तुम्हाला नाही. रात्री श्वास अडकत असेल तर थकवा, चिडचिड, इच्छा कमी होणं, सगळं त्यातूनच येऊ शकतं, आणि स्लीप अॅप्निया जोरात असताना त्यावर उपचार न करता टेस्टोस्टेरॉन दिलं तर तो अजून बिघडू शकतो.

माझं स्पष्ट मत, तुमच्या केसमध्ये आधी सहा महिने वजन, झोप आणि शुगर. वजन १० टक्के उतरलं तरी टेस्टोस्टेरॉन आपोआप वर येतं, आणि त्याचे साइड इफेक्ट नाहीत. हो, हे ऐकायला कंटाळवाणं आहे, इंजेक्शन एका मिनिटात होतं.

पण इंजेक्शनला उगाच शिव्या घालायच्या नाहीत. ज्यांना खरोखर कमतरता आहे, पिट्युटरीचं ऑपरेशन झालंय किंवा वृषणंच काम करत नाहीत, त्यांच्यासाठी ही रोजच्या आयुष्याची गरज आहे आणि ती बहुतेक कायमची असते. अमेरिकेतल्या कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०२० मध्ये वयामुळे कमी झालेल्यांसाठी सांगितलं की सेक्सच्या तक्रारी असतील तरच विचार करा, नुसता थकवा घालवायला किंवा ताकद वाढवायला सुरू करू नका, आणि द्यायचंच ठरलं तर जेलपेक्षा इंजेक्शन बघा, कारण परिणाम जवळपास सारखा आणि तिकडे खर्च बराच कमी. शिवाय जेल अंगाला लावून लहान पोराला उचललं तर पोराच्या अंगावर औषध जातं, इंजेक्शनमध्ये ती भानगड नाही. थकव्याचं बोलायचं तर २०१६ ला ६५ च्या पुढच्या पुरुषांवर वर्षभराची मोठी तपासणी छापून आली, त्यात इच्छा आणि सेक्समध्ये थोडा फरक पडला, उत्साहात म्हणावा असा नाही. तुमच्या मित्राचं ‘बदलून जाशील’ यात बसत नाही.

इंजेक्शनचे प्रकार समजून घ्या, कारण मित्र ज्याला सरसकट ‘टेस्टो’ म्हणतो ते एक औषध नाही. एनान्थेट किंवा सिपिओनेट हे आठवड्याला ७५ ते १०० मिलिग्रॅम, नाहीतर दोन आठवड्यांनी १५० ते २०० असं देतात. दोन आठवड्यांच्या हिशोबात पहिले काही दिवस पातळी एकदम वर, माणूस जोशात, थोडा तापट, आणि दुसरा आठवडा संपेपर्यंत परत मरगळ. घरच्यांना कॅलेंडर न बघता कळतं की सुई जवळ आली. म्हणून बरेच जण अर्धा डोस दर आठवड्याला घेतात. सस्टेनॉन २५० हे चार एस्टरचं, म्हणजे टेस्टोस्टेरॉनच्या चार रूपांचं मिश्रण, आणि ते शेंगदाणा तेलात असतं, दाण्याची अॅलर्जी असेल तर घ्यायचं नाही. अनडेकॅनोएट १००० मिलिग्रॅमचं, एरंडेल तेलातलं, पहिलं झाल्यावर दुसरं ६ आठवड्यांनी आणि पुढे १० ते १४ आठवड्यांनी. वर्षात चार-पाच सुया हे सोयीचं वाटतं, पण काही त्रास झाला तर अंगातून काढून टाकता येत नाही, महिनोनमहिने राहतं, त्यामुळे पहिल्यांदा सुरू करणाऱ्याला मी ते सुचवत नाही. ते कुल्ल्यात खोल, अगदी सावकाश द्यावं लागतं. क्वचित तेलाचे थेंब फुफ्फुसात जाऊन जोराचा खोकला आणि धाप लागते, म्हणून दिल्यावर अर्धा तास दवाखान्यात बसवून ठेवतात. हे जिमच्या चेंजिंग रूममध्ये करायचं काम नाही.

जन्मभराचं म्हणाल तर, बाहेरून आयता माल यायला लागला की पिट्युटरी वृषणांना हुकूम देणं थांबवते आणि वृषणं हात वर करतात, आकारानेही लहान होतात. बंद केल्यावर आपलं काम परत सुरू होतं, पण आठवडे-महिने जातात आणि त्या काळात आधीपेक्षा वाईट वाटतं, म्हणून लोक घाबरून परत सुई घेतात. कागदावर जन्मभर नसलं तरी व्यवहारात बऱ्याच जणांचं तसंच होतं. हार्टचं खाली तिसऱ्या प्रश्नात येतंय.

प्रश्न : नाशिकहून लिहितेय. मिस्टरांचं वय ३४, दोन वर्षं बाळासाठी प्रयत्न चालू आहेत. त्यांचं टेस्टोस्टेरॉन २३० आलं. ओळखीतल्या एकांनी सांगितलं इंजेक्शन घेतलं की स्पर्म पण वाढेल. घेऊ द्यावं का?

उत्तर : नाही. अजिबात नाही. ताई, हे उलटं आहे. १९९० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हेच इंजेक्शन, एनान्थेट २०० मिलिग्रॅम दर आठवड्याला, पुरुषांची गर्भनिरोधक पद्धत म्हणून तपासलं होतं, आणि बहुतेकांचे शुक्रजंतू शून्यावर आले होते. वर सांगितलं तसं वरून हुकूम थांबतो आणि वृषणांच्या आतलं टेस्टोस्टेरॉन घसरतं, रक्तातलं कितीही वाढलं तरी. बंद केल्यावर बहुतेकांचे जंतू परत येतात पण सहा महिने, वर्ष, कधी दोन वर्षंही लागतात आणि तुमच्याकडे तेवढा वेळ फुकट घालवायला नाही. सकाळी परत टेस्ट, एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन, वीर्य तपासणी एवढं करून एंड्रोलॉजिस्ट किंवा एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे जा. पिट्युटरीचा प्रॉब्लेम निघाला तर एलएचचं काम करणारी एचसीजीची इंजेक्शनं असतात, काही जणांना क्लोमिफेनच्या गोळ्या देतात, त्यांनी स्वतःचं टेस्टोस्टेरॉन वाढतं आणि जंतूंना धक्का लागत नाही. आणि मिस्टरांनी जिमला असताना आधी काही घेतलं होतं का ते एकदा शांतपणे विचारा, ओरडून नको, खरं सांगणार नाहीत.

प्रश्न : वय ६८, रत्नागिरी. चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी. आठ महिने दर दोन आठवड्यांनी टेस्टोस्टेरॉन २५० चं इंजेक्शन चालू, मुंबईच्या डॉक्टरांनी दिलं, तब्येत छान वाटते. परवा सीबीसीत पीसीव्ही ५५ आला. शेजारी म्हणतात रक्तदान करून या, उतरेल. काय करू?

उत्तर : काका, पुढची सुई घेऊ नका आणि याच आठवड्यात डॉक्टरांना फोन करा, पत्राच्या उत्तराची वाट बघायची ही गोष्टच नव्हती. पीसीव्ही म्हणजेच हिमॅटोक्रिट, रक्त किती घट्ट आहे ते. ५४ च्या वर गेलं की उपचार थांबवायचे, खाली येऊ द्यायचं, कारण शोधायचं आणि मग कमी डोसने परत सुरू करायचं की नाही ते ठरवायचं. हा त्रास जेलपेक्षा इंजेक्शनमध्ये जास्त दिसतो कारण पातळी उंच उसळते, आणि तुमचा डोस तसाही वरच्या बाजूचा आहे. सुरू करण्याआधी, मग तीन ते सहा महिन्यांत आणि पुढे वर्षाला हे बघायलाच हवं होतं. घोरणं आणि सिगारेटनेही पीसीव्ही वाढतो तेही सांगा. धाप, छातीत दुखणं, एका पायाला सूज, बोलताना जीभ अडखळणं यातलं काही झालं तर फोन नाही, सरळ हॉस्पिटल.

रक्तदान शिबिरात जाऊन गपचूप रक्त देऊन यायचं नाही. ६५ च्या वर तिथे घेतही नाहीत, शिवाय अँजिओप्लास्टी झालेली. रक्त काढायची गरज पडलीच तर ते डॉक्टर ठरवतील, सारखं काढून लोह संपतं आणि मूळ डोस तसाच राहतो.

हार्टचं म्हणाल तर २०२३ मध्ये ट्रॅव्हर्स नावाचा मोठा अभ्यास आला. ४५ ते ८० वयाचे, हार्टचा आजार असलेले किंवा धोका असलेले पाच हजारांवर पुरुष. हार्ट अॅटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं प्रमाण प्लासिबोएवढंच, म्हणजे दिसायला तसंच पण आत औषध नसलेलं दिलेल्यांएवढंच निघालं. दिलासा आहे, पण त्यातच हृदयाचे ठोके अनियमित होणं, फुफ्फुसात गुठळी आणि किडनीला अचानक मार हे टेस्टोस्टेरॉनवाल्यांत जास्त होतं, आणि फ्रॅक्चरही जास्त निघाली, जे कुणाला अपेक्षित नव्हतं. शिवाय तो अभ्यास जेलवर होता, दोन आठवड्यांच्या सुईवर नाही, तेव्हा तो दाखवून कुणी ‘इंजेक्शन सेफ आहे’ म्हणत असेल तर ते पूर्ण खरं नाही. अॅटॅक किंवा पक्षाघात होऊन सहा महिने झाले नसतील तर सुरूच करत नाहीत, तुमची चार वर्षं झालीत म्हणून तेवढं चालतं.

पीएसए, म्हणजे प्रोस्टेटची रक्ततपासणी, केलंय का ते पत्रात नाही. सुरू करण्याआधीचा आकडा शोधून ठेवा, वर्षभरात तो १.४ च्या वर वाढला असेल किंवा आकडा ४ च्या पुढे असेल तर युरॉलॉजिस्टकडे. डॉक्टरांकडे जाताना आठ महिन्यांतल्या प्रत्येक सुईची तारीख, औषधाचं नाव आणि रक्त कधी काढलं ते एका कागदावर लिहून न्या, कारण सुईनंतर दोन दिवसांनी काढलेलं टेस्टोस्टेरॉन आणि बारा दिवसांनी काढलेलं यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. तुमच्या इंजेक्शनसाठी दोन सुयांच्या बरोबर मधल्या दिवशी तपासतात.