वाचकांचे प्रश्न : चिकानो कविता कुठून वाचायला घ्यावी?

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला राहतो, आमचा मराठी मैत्रिणींचा वाचन ग्रुप आहे. आजवर मराठीच वाचत आलो, पण आता वाटतंय की ज्या गावात राहतो तिथल्या माणसांचंही काहीतरी वाचावं. चिकानो कवितेबद्दल, म्हणजे अमेरिकेतल्या मेक्सिकन मुळांच्या लोकांच्या कवितेबद्दल, ऐकलंय, पण स्पॅनिश आमच्यात कुणालाच येत नाही. सुरुवात कुठून करू? आणि इथल्या लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकन मुळांच्या, लेखकांना सपोर्ट करायचा म्हणजे नक्की काय करायचं?
— एक वाचक, सॅन होजे

उत्तर : अहो, तुम्ही तर अगदी बरोबर गावात आहात! लांब कुठे जाऊच नका, लोर्ना डी सर्व्हांतेस या चिकाना कवयित्रीपासून सुरू करा. ती सॅन होजेतच वाढली, ‘एम्प्लुमादा’ हा तिचा पहिला संग्रह १९८१ चा, आणि त्यात ‘फ्रीवे २८०’ नावाची कविता आहे. हो, तोच २८० हायवे, ज्याच्यावरून तुमच्यातल्या कितीतरी जणी रोज ऑफिसला जात असतील. फळं डबाबंद करायच्या कारखान्याजवळची छोटी छोटी घरं, चढवलेले गुलाब, माणसाएवढे उंच लाल जिरेनियम, सगळं गेलं आणि त्यावरून रस्ता आला. पण मला ही कविता खरी भिडते ती पुढे, कारण तिथल्या पडीक जागेत जुन्या परसांतली झाडं परत फुटतात, जर्दाळू, चेरी, अक्रोड, आणि म्हाताऱ्या बायका कागदी पिशव्या घेऊन भाजी खुडायला येतात, पालक, पुदिना आणि चक्क घोळ. कवितेतली बाई तारेच्या जाळीवरून चढून आत उतरते, आपलाच तिथे गाडला गेलेला एखादा भाग सापडतो का ते बघायला. ग्रुपमध्ये पहिल्या दिवशी ही एकच कविता घ्या, मोठ्याने वाचा, दोनदा वाचा.

स्पॅनिशचं टेन्शन घेऊ नका. ही बरीचशी कविता इंग्रजीतच आहे, मध्येच एखादी ओळ स्पॅनिशमध्ये जाते, जसं आपण मराठीत बोलता बोलता अर्धं वाक्य इंग्रजीत टाकतो आणि कुणाला काही खटकत नाही. अडलं तर फोनवर बघा, पण आधी नुसतं ऐका.

थोडं मागचंही माहीत असू द्या. १८४८ च्या तहात मेक्सिकोचा अर्ध्याच्या आसपास मुलूख अमेरिकेकडे गेला, म्हणजे कित्येक कुटुंबं जागची हललीच नाहीत, सीमाच त्यांच्यावरून सरकली. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेलानोला द्राक्षमळ्यांतल्या मजुरांचा संप झाला, शेतमजुरांचा नेता सीझर चावेझ वगैरे मंडळी त्यातली. मग १९६७ मध्ये डेन्व्हरच्या रोडोल्फो ‘कॉर्की’ गोन्झालेसने, जो आधी बॉक्सर होता, ‘यो सोय होआकिन’ (मी होआकिन आहे) ही दीर्घकविता लिहिली आणि ती चिकानो चळवळीच्या मोर्च्यांत, सभांत वाचली जायला लागली. मोठे प्रकाशक या लेखकांना दारात उभं करत नव्हते, म्हणून यांनी स्वतःच्या प्रकाशनसंस्था काढल्या. बर्कलीत किंतो सोल, पुढे १९७९ मध्ये आर्ते पुब्लिको, जे लवकरच ह्यूस्टनला गेलं, १९८९ मध्ये शिकागोत लुईस रॉड्रिगेझचं तिया चुचा. तुमच्या गावातल्या लोर्नानेसुद्धा ‘मँगो’ नावाचं छोटं प्रकाशन चालवलं आणि पुढे नावाजलेली लेखिका सँड्रा सिस्नेरोस हिची पहिली कवितांची पुस्तिका १९८० मध्ये तिनेच छापली, तेव्हा सिस्नेरोसला कोण ओळखत होतं! म्हणून सपोर्टचं विचाराल तर माझं म्हणणं अगदी साधं आहे, पुस्तक विकत घ्या, कवी हयात असताना घ्या, आणि शक्यतो थेट छोट्या प्रकाशकाकडून किंवा गावातल्या दुकानातून घ्या. १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हिस्पॅनिक हेरिटेज मंथ असतो, तेव्हा सगळीकडे कार्यक्रम होतात, टाळ्या पडतात, फोटो निघतात, आणि बाकीचे अकरा महिने त्याच कवीचं पुस्तक टेबलावर पडून राहतं, याचं मला फार वाईट वाटतं. डाउनटाउनमध्ये माक्ला नावाची लॅटिनो कलासंस्था १९८९ पासून आहे, तिथे जाऊन या. मंडळाच्या कार्यक्रमाला एखाद्या स्थानिक कवीला बोलवणार असाल तर मानधन द्याच, ‘तुमचं नाव होईल’ असलं काही सांगू नका. आणि एक, प्रत्येक लॅटिनो लेखकाला चिकानो म्हणू नका, चिकानो म्हणजे अमेरिकेतले मेक्सिकन मुळांचे लोक, एल साल्वादोरहून आलेल्या घरातली कवयित्री लॅटिना असेल, पण चिकाना असेलच असं नाही.

प्रश्न : आपल्या दलित कवितेशी चिकानो कवितेचं काही नातं आहे का?
— एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : थेट देवाणघेवाण होती असं मी म्हणणार नाही, पण काळ तोच आहे. ‘गोलपिठा’ आणि दलित पँथर दोन्ही १९७२ चे, आणि पँथर हे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरूनच आलेलं. तू जिमी सांतियागो बाका हा चिकानो कवी वाच, तो तुरुंगात लिहायवाचायला शिकला आणि तिथेच कवी झाला. फक्त दोघांना एका साच्यात बसवायची घाई नको, जमीन आणि सीमा हा चिकानो कवितेचा दुखरा भाग आहे, जातीचा प्रश्न वेगळा आहे.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची आहे, तिच्यासाठी काही?
— एक आई, फ्रीमाँट

उत्तर : आहे ना, छान आहे! फ्रान्सिस्को अलार्कोनचं ‘लाफिंग टोमॅटोज’ हे मुलांच्या कवितांचं पुस्तक, इंग्रजी-स्पॅनिश शेजारी शेजारी आणि भरपूर चित्रं. आणि हुआन फेलिपे हेरेराचं ‘कॉलिंग द डव्ह्ज’, त्यात त्याने आईबाबांबरोबर शेतमजुरीसाठी गावोगाव फिरत काढलेलं बालपण सांगितलंय, आणि हाच मुलगा पुढे २०१५ मध्ये अमेरिकेचा राष्ट्रकवी झाला, पहिला लॅटिनो, हे तिला जरूर सांगा. लायब्ररीत ही पुस्तकं नसतील तर खरेदीची विनंती करता येते, तो फॉर्म भरा. ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये २०१२ साली मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासाचा कोर्स बंद करून त्याची पुस्तकं वर्गांतून खोक्यांत भरून नेली होती, तेव्हा ह्यूस्टनहून लेखक-वाचक बसमध्ये पुस्तकं भरून तिकडे गेले आणि शेवटी २०१७ मध्ये कोर्टाने ती बंदी घटनाबाह्य ठरवली. तेव्हा फॉर्म भराच, आणि मुलीलाच भरायला लावा.