दगड यायच्या आधीच का पडतात?

प्रश्न : काका, फ्रान्समधल्या पॅरिस-रुबे सायकल रेसमध्ये दगडी रस्ता सुरू व्हायच्या आधी, चांगल्या डांबरावरच एवढी पडापडी का होते? आम्ही आठ-दहाजण रोज सकाळी सुपर कॉरिडॉरवर जातो, कोणी पडत नाही. – एक वाचक, इंदूर

उत्तर : अरे, तुम्हाला घाई फक्त पोहे-जलेबीची! तिथे आरेनबर्गच्या जंगलातली ती दगडी पट्टी जेमतेम सव्वादोन-अडीच किमी, पण अरुंद, पुढे एक आडवा झाला की मागचे सगळे अडकले, म्हणून प्रत्येक टीम आपल्या लीडरला त्याआधीच पुढे काढते, आणि रस्ता तेवढाच नि माणसं दीडशे. त्यात हवा कमी लागावी म्हणून सगळे चिकटून, तुझं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी आलं आणि तो जरा सरकला की तू खाली, त्याला पत्ताही नसतो. 2024 ला तर वेग कमी व्हावा म्हणून जंगलाच्या तोंडाशी मुद्दाम नागमोडी वळण टाकलं होतं, त्यावरही रायडर वैतागले.

आणि गर्दी नसली तरी पडतातच हं. 2025 ला पोगाचार आणि व्हॅन डर पूल हे दोन रायडर पुढे होते, 38 किमी उरलेले, पोगाचार वळणात जास्त वेगात शिरला, सरळ बॅरियरवर. व्हॅन डर पूल सलग तिसऱ्यांदा जिंकला.

तुमच्या ग्रुपमध्ये चाकाला चाक नका भिडवू, बस.