नऊ एकांचा वर्ग आणि एक्सेलमधली दोन शून्यं

प्रश्न : मुलगी नववीत आहे. १११११११११ चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ असं तिच्या वहीत आहे. एक्सेलमध्ये मात्र १२३४५६७८९८७६५४३०० दिसतं, म्हणजे १०० ने भाग जायला हवा. खरं कुठलं?
– एक वाचक, घणसोली

उत्तर : वही बरोबर. एकंस्थानी १ असलेल्या संख्येचा वर्ग १ वरच संपतो, त्यामुळे शेवटी शून्य दिसलं की तिथेच शंका घ्यायची. एक्सेल १५ च अंक दाखवतं. ही संख्या १७ अंकी, म्हणून शेवटचे २१ गेले आणि शून्यं बसली. फॉरमॅट बदलून ते परत येत नाहीत, कारण आतली साठवणही तोकडी आहे : ९००७१९९२५४७४०९९२ (२ चा ५३ वा घात) ओलांडला की प्रत्येक पूर्ण संख्या तिथे मावत नाही, आणि या टप्प्यात तर फक्त सम संख्या मावतात. आकड्याआधी अ‍ॅपॉस्ट्रॉफी टाकली तर सगळे अंक दिसतात, पण तो नुसता मजकूर. त्यावर गणित केलं की पुन्हा तेच.

ताळा कागदावर करा. १११११११११ ही संख्या दोन तुकड्यांत तोडा : १११११ × १०००० + ११११ धरलं तरी चालेल, पण सोपं पडतं ते ११११११ × १००० + १११. आता ११११११ चा वर्ग १२३४५६५४३२१, त्यापुढे सहा शून्यं. दुप्पट गुणाकार २४६६६६४२, त्यापुढे तीन शून्यं. १११ चा वर्ग १२३२१. तिन्हींची बेरीज वहीतल्या उत्तराशी जुळते. शून्यं मोजताना चूक होते, तेवढं सांभाळा.

दहा एकांना मात्र हा डौल टिकत नाही. मधल्या स्तंभात दहा एक येतात, हातचा निघतो, तो पुढच्या नवाला लागून पुन्हा हातचा. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१.

प्रश्न : नऊ एकांच्या वर्गातल्या अंकांची बेरीज ८१. म्हणून ८१ ने भाग जातो का?
– एक वाचक, कळवा

उत्तर : जातो, पण ‘म्हणून’ नाही. अंकांच्या बेरजेची कसोटी ३ आणि ९ पुरतीच. इथे कारण अवयवांत आहे : १११११११११ = १११ × १००१००१. पैकी १११ = ३ × ३७ आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. म्हणून वर्गात ३ चार वेळा येतो, आणि ३ × ३ × ३ × ३ = ८१. ८१ ने भागल्यावर १२३४५६७९ चा वर्ग उरतो. (त्यात ८ नाही, ती छपाईची चूक नव्हे.)

स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला गणितज्ञ द. रा. कापरेकरांनी ‘हर्षद संख्या’ म्हटलं. त्यांचं माध्यमिक शिक्षण ठाण्यातलं. आपली संख्या हर्षद आहे. ९९८१ नाही : बेरीज २७, पण २७ ने भागलं तर बाकी १८.