बटाट्यात विष येतं कुठून आणि जनुकं बदलून ते काढता येईल का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: हिरवा पडलेला बटाटा उकडला की त्यातलं विष जातं का, आणि जनुकं बदलून ते कायमचं घालवता येईल का.

पहिल्याचं उत्तर आधी देते, कारण ते रोजच्या स्वयंपाकाचं आहे. नाही जात. सोलॅनिन आणि चॅकोनिन ही बटाट्यातली दोन मुख्य विषारी द्रव्यं उकळत्या पाण्याला दाद देत नाहीत, कुकरलाही फारशी नाही. जाड साल काढली तर मात्र बराच भाग निघून जातो, कारण ती सालीत आणि सालीलगतच्या थरात साठतात. कोंबांत त्यांचं प्रमाण सगळ्यांत जास्त. साधारण १०० ग्रॅम बटाट्यामागे २० मिलिग्रॅम ही मर्यादा बऱ्याच देशांत मानली जाते. शरीराच्या दर किलो वजनामागे १ मिलिग्रॅम पोटात गेलं तरी मळमळ, उलट्या, पोटात कळा सुरू होऊ शकतात. म्हणजे १५ किलो वजनाच्या मुलाला मर्यादेच्या काठावरचा एक छोटा बटाटाही पुरे. बटाटा आतपर्यंत हिरवा असेल, कडवट लागत असेल, घसा चुरचुरत असेल, तर सरळ टाकून द्या.

हिरवा रंग मात्र स्वतः विष नाही. ते पालकात असतं तेच हरितद्रव्य. बटाटा हे मूळ नसून जमिनीखालचं खोड आहे. उजेड पडला की ते हरितद्रव्य बनवायला लागतं आणि त्याच वेळी सोलॅनिनही वाढवतं, पण दोन्हीचे मार्ग वेगळे. म्हणून मार लागलेला बटाटा हिरवा न होताही कडू निघू शकतो. शेतात बटाट्याला मातीची भर देतात त्यामागे हेही एक कारण आहे: पोसणारे बटाटे उघडे पडू नयेत.

आता विष बनतं कसं? मी वनस्पतींचं जैवरसायनशास्त्र शिकवते, आणि वर्गात मुलं नेमकी इथे थबकतात. वनस्पतीत कोलेस्टेरॉल नसतं असं तेलाच्या पिशव्या वाचून आपल्याला पाठ झालंय. प्रत्यक्षात थोडं असतं, आणि बटाटा सोलॅनिन बनवतो ते त्याच कोलेस्टेरॉलपासून. एसएसआर-२ नावाचं जनुक झाडातल्या स्टेरॉलचा (कोलेस्टेरॉलच्याच कुटुंबातल्या मेदासारख्या द्रव्यांचा) काही भाग कोलेस्टेरॉलकडे वळवतं. पुढची विकरं (एन्झाइम) त्या रेणूवर ऑक्सिजन चढवतात, मग नायट्रोजन जोडला जातो आणि सोलॅनिडिन तयार होतं. शेवटी त्याला तीन साखरा चिकटतात. सोलॅनिनमध्ये गॅलॅक्टोज, ग्लुकोज आणि ऱ्हॅम्नोज; चॅकोनिनमध्ये एक ग्लुकोज आणि दोन ऱ्हॅम्नोज. दोघांत फरक एवढाच. हा रेणू बुरशीच्या आणि किड्यांच्या पेशींची आवरणं फोडतो, शिवाय मज्जातंतूंच्या कामात लागणारं एक विकर अडवतो. झाडासाठी ते संरक्षण आहे, आपण मध्येच ताटात घेतो म्हणून ते विष.

२०१३ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं की या साखळीतली बरीच जनुकं सातव्या आणि बाराव्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी बसलेली आहेत, टोमॅटोतही आणि बटाट्यातही. त्यांतल्या अनेकांना एकदम चालू-बंद करणारं गेम-९ नावाचं नियामक जनुकही पुढे सापडलं.

प्रमाण जनुकांच्या हाती असल्यामुळे साध्या संकरातूनही घोटाळा होऊ शकतो. अमेरिकेत १९६७ मध्ये लेनापे नावाचं वाण आलं. चिप्ससाठी अप्रतिम, तळल्यावर काळं पडत नव्हतं. पण त्यात सोलॅनम चाकोएन्स या दक्षिण अमेरिकेतल्या रानटी जातीचं रक्त होतं आणि त्यासोबत विष बनवण्याची सवयही आली. खाणाऱ्यांना मळमळायला लागलं, तपासणीत प्रमाण मर्यादेच्या वर निघालं आणि १९७० मध्ये वाण मागे घ्यावं लागलं. यात जीएम, म्हणजे प्रयोगशाळेत जनुकं बदलणं, असं काही नव्हतं, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. ‘नैसर्गिक’ संकर म्हणजे आपोआप सुरक्षित, असं नसतं. उलट लेनापेपासूनच पुढे झालेलं अटलांटिक हे वाण चिप्ससाठी बिनधास्त वापरलं गेलं, कारण निवड करताना तो दोष मागे पडला.

मग जनुक बंद करायचं का? जमतं. बटाट्यात प्रत्येक जनुकाच्या चार प्रती असतात, त्यामुळे काम किचकट आहे, पण २०१४ मध्ये जपानी गटाने एसएसआर-२ निकामी करून विषाचं प्रमाण बरंच खाली आणलं आणि झाडांची वाढही खुंटली नाही. २०१६ मध्ये साखळीतली पुढची दोन जनुकं, पीजीए-१ आणि पीजीए-२, दाबून पाहिली. विष जवळजवळ गेलं, बटाटे नीट लागले, पण झाडं वंध्य झाली आणि साठवलेल्या बटाट्यांना कोंबच फुटेनात. साठवणुकीला हे वरदान वाटेल, पण अशा झाडाचा पुढे संकर कसा करणार?

म्हणून माझं मत असं की अख्ख्या झाडातून विष काढू नये. पानांचं संरक्षण गेलं की तेवढी जास्त फवारणी करावी लागेल, आणि तीही शेवटी आपल्याच पोटात. कमी करायचं ते फक्त बटाट्यात. हे अशक्य नाही. ज्या चाकोएन्सने लेनापे बिघडवलं, त्याच जातीच्या काही झाडांत लेप्टिन नावाची द्रव्यं असतात. ती बटाट्याची पानं खाणाऱ्या कोलोरॅडो भुंग्याला पिटाळून लावतात, आणि फक्त पानांत बनतात, जमिनीखालच्या बटाट्यात नाही.