कव्हरचा तुटका बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियमचे आटे

जुन्या मोटारसायकलींच्या इंजिन कव्हरबद्दल वाचकांनी विचारलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

प्रश्न (मालवण): यामाहा आरएक्स १००चे क्लच कव्हर उघडायचे आहे. स्क्रूची चौफुली खाच गोल झाली आहे, स्क्रूड्रायव्हर नुसता घसरतो. काय करावे?

पहिल्या घसरणीलाच थांबा. दर घसरणीला खाच आणखी जाते. ही गाडी १९९६ साली बंद झाली. स्क्रू मूळचेच असतील, तर समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत पोलादी स्क्रू आणि अ‍ॅल्युमिनियमचे केसिंग यांच्यामध्ये पांढरी भुकटी धरलेली असणार. ती आट्यांत गच्च बसते आणि स्क्रू जाम होतो.

गंज सोडवणारे तेल डोक्याभोवती सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी इम्पॅक्ट स्क्रूड्रायव्हरला (हातोडीच्या ठोक्याने फिरणाऱ्या) ३ नंबरचा जपानी धाटणीचा बिट लावा. साध्या फिलिप्स बिटचा उतार वेगळा असतो, तो या खाचेत तळापर्यंत बसत नाही आणि जोर लागला की वर सरकतो. हातोडीचा ठोका सरळ आणि भरीव हवा, कारण जाम सुटतो तो निम्मा त्या हादऱ्यानेच.

खाच पूर्ण गेली असेल तर डोक्याच्या कडेला छिन्नीने एक सरळ घाव घालून खाच पाडा, मग छिन्नी तिरकी धरून सुटण्याच्या दिशेने ठोका. तरीही हलला नाही तर ६.५ मिमीच्या ड्रिलने फक्त डोके उडवा. हे नुकसान वाटते, पण तसे नाही. कारण पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न (सांगली): स्प्लेंडरच्या मॅग्नेट कव्हरचा ८ नंबर पान्याचा बोल्ट उघडताना डोके हातात आले. थेट ड्रिल मारू का?

नको. आधी बाकीचे बोल्ट फुलीच्या क्रमाने थोडे थोडे सैल करून काढा आणि कव्हर उतरवा. कव्हर निघाले की तुटलेल्या बोल्टचा दांडा दोन-तीन सेंटिमीटर बाहेर उभा दिसतो. डोक्याने धरलेला ताणही आता संपलेला असतो, त्यामुळे बरेचदा तो ग्रिप प्लायरने सहज फिरतो. फिरला नाही तर हॉट एअर गनने बोल्टभोवतीचे केसिंग तापवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र झाला की पुरे. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगते, म्हणून भोक सैल होते. पेट्रोल टाकी आधी उतरवा, आणि गॅसची ज्योत ऑइल सीलजवळ नेऊ नका. सुटताना एकाच दिशेने ओढू नका. पाव फेरा उलट, पाव फेरा सुलट, मध्ये तेलाचा थेंब, असे करत बाहेर आणा.

दांडा केसिंगच्या पातळीजवळच तुटला असेल तर काम नाजूक आहे. बाहेर काही उरले असेल तर वेल्डरकडून त्यावर नट ठेवून आतून वेल्ड करून घ्या. पोलादाचे वेल्डिंग अ‍ॅल्युमिनियमला धरत नाही, आणि त्या उष्णतेनेच बोल्ट सैल होतो. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, सीडीआयचा (ठिणगी नियंत्रित करणाऱ्या युनिटचा) सॉकेटही सोडा.

काहीच उरले नसेल तर ड्रिल करावेच लागते, आणि सगळे यश भोक मधोमध पडण्यावर अवलंबून असते. ८ नंबर पान्याचा हा बोल्ट एम ६, म्हणजे ६ मिमी जाडीचा; त्याच्या आट्यांच्या तळाचा व्यास सुमारे ५ मिमी. बिट बाजूला गेला तर तो मऊ अ‍ॅल्युमिनियममध्येच शिरतो. खात्रीचा मार्ग असा: लेथवाल्याकडून छोटी बुश करून घ्या, बाहेरून कव्हरच्या भोकात घट्ट बसणारी आणि आतून ३ मिमी भोकाची. कव्हर परत दोन-तीन बोल्टांनी जागेवर धरा, बुश बसवा आणि तिच्यातून ३ मिमीचा बिट चालवा. मग कव्हर काढून ४ आणि शेवटी ५ मिमी. उरलेल्या आट्यांची बारीक गुंडाळी टोकदार सुईने ओढून काढा आणि एम ६ बाय १चा टॅप (आटे पाडायचे अवजार; १ म्हणजे आट्यांतले अंतर मिमीमध्ये) हलक्या हाताने फिरवा. इंजिनच्या उघड्या भागात आधी स्वच्छ कापड कोंबा. आत पडलेला चुरा पुढे बेअरिंग खातो.

प्रश्न (कराड): इझी-आउट आतच तुटला. आता?

इझी-आउट म्हणजे तुटलेल्या बोल्टमध्ये भोक पाडून, त्यात उलटा फिरवून तो काढायचे अवजार. तो कठीण पोलादाचा असतो, साधा बिट त्यावर चालत नाही. हाताने खटपट थांबवा. टूल-रूममध्ये स्पार्क इरोजन यंत्र (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणारे) असते, त्याने तो काढता येतो. त्यासाठी केसिंग सुटे करून न्यावे लागते. म्हणूनच एम ६ बोल्टसाठी इझी-आउट आम्ही सुचवत नाही: आधीच बोल्ट तोडणाऱ्या जामाला आणखी बारीक अवजाराने जिंकण्याचा तो प्रयत्न असतो.

प्रश्न (नाशिक): आटे गेले आहेत. मेकॅनिक ८ मिमीचा बोल्ट टाकू म्हणतो.

भोकाभोवतीची भिंत पातळ असते, ८ मिमीने ती तडकू शकते. हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवा. ६.३ मिमीचे ड्रिल, हेलिकॉइलचा स्वतःचा खास टॅप आणि ९ मिमी लांबीची गुंडाळी. टॅप करताना थोडे रॉकेल वापरा आणि दर अर्ध्या फेऱ्याला मागे फिरवून चुरा तोडा. गुंडाळी पृष्ठभागापासून पाव ते अर्धा फेरा खाली राहू द्या आणि तळाची पट्टी तोडून बाहेर काढा. नीट बसवलेली हेलिकॉइल मूळ अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा टिकाऊ असते.

प्रश्न (पणजी): नवे बोल्ट स्टेनलेसचे घ्यावेत का? किती आवळावेत?

गंज दिसणार नाही, पण स्टेनलेस अ‍ॅल्युमिनियमशेजारी ओलाव्यात केसिंगच खायला लागते. ८.८ ग्रेडचे जस्ताचा मुलामा असलेले बोल्ट बरे. स्टेनलेसच हवे असतील तर आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) लावल्याशिवाय बसवू नका. लेप अगदी पातळ असावा. बंद भोकात तेल-ग्रीस साचले तर आवळताना दाब तयार होतो आणि केसिंग फाटते, म्हणून भोक आधी हवेने कोरडे करा.

लांबी महत्त्वाची. एकाच कव्हरला वेगवेगळ्या लांबीचे बोल्ट असतात. काढताना पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचा. आट्यांत ९ ते १२ मिमी बोल्ट जायला हवा. कमी गेला तर आटे ओढले जातात. जास्त लांब असला तर तळाला टेकतो, पाना घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि गॅस्केटमधून तेल गळत राहते. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा नसेल तर ९ ते १० न्यूटन-मीटर, अँटी-सीझ लावल्यास ८. तीन फेऱ्यांत, फुलीच्या क्रमाने. इतक्या छोट्या बोल्टला मोठा टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) नको, ५ ते २५ न्यूटन-मीटरचा घ्या.

प्रश्न (लातूर): एक बोल्ट नसताना गाडी चालवली तर चालेल?

तेल नसलेल्या मॅग्नेट कव्हरला एक बोल्ट नसला तर काही दिवस चालेल, पण धूळ-पाणी आत जाऊ नये हे पाहा. क्लच कव्हरला चालवू नका. तिथून गळलेले तेल मागच्या टायरपर्यंत पोचते.