‘काम दुप्पट देतो’ म्हणतात, कर्ज काढू का?

प्रश्न : ताई, नमस्कार. रबाळे एमआयडीसीत माझं मशीनिंगचं छोटं वर्कशॉप आहे. आठ कामगार, लघुउद्योगाची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी आहे. महिन्याला 18 लाखांचं काम होतं, त्यातलं 13 लाखांचं एकाच कंपनीचं. तिची उलाढाल 300 कोटींच्या पुढे. पूर्वी पेमेंट 60 दिवसांत यायचं, आता 110 दिवस लागतात. त्या कंपनीचे साहेब म्हणतात, आणखी एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं मशीनिंगचं यंत्र) टाका, काम दुप्पट देतो. कर्ज काढू का?
– एक वाचक, घणसोली

उत्तर : आत्ता काढू नका.

आधी येणं किती अडकलंय ते मांडून बघा. 13 लाखांवर 18 टक्के जीएसटी धरला की महिन्याची बिलं 15 लाख 34 हजारांची. 60 दिवसांच्या उधारीत 30 लाख 68 हजार बाहेर असायचे, 110 दिवसांत सुमारे सव्वाछप्पन्न लाख. काम एका रुपयानं वाढलं नाही, तरी तुमचे साडेपंचवीस लाख जास्तीचे त्यांच्याकडे बिनव्याजी पडलेत. त्यातला जीएसटी तर तुम्ही पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत पदरचा भरलाय. काम दुप्पट झालं की हाच आकडा एक कोटी बारा लाखांवर जाईल, वर मशीनचा हप्ता.

वागळे इस्टेटमधल्या बँकेच्या शाखेत मी बरीच वर्षं कर्जविभागात होते. प्लेटिंगचा कारखाना असलेले एक गृहस्थ दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे माल आणि येणं असलेल्या बिलांची यादी, घेऊन यायचे. 90 दिवसांपुढची बिलं मी लाल पेनानं काटायची, कारण त्यांवर कॅश क्रेडिटची, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाची, उचल मिळत नसे. एका महिन्यात अख्खं पान लाल झालं. गिऱ्हाईक मोठं, पण एकच. “मॅडम, पार्टी बुडणारी नाही,” ते सांगत राहिले. पार्टी खरंच बुडाली नाही, पण यांच्या कामगारांचे दोन पगार थकले. त्यांचा तो चेहरा आठवला की अजून वाईट वाटतं. म्हणून तुम्हाला इतकं ठामपणे सांगतेय.

कायदा तुमच्या बाजूनं आहे. 2006 च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या, कायद्यानुसार लेखी करार असला तरी 45 दिवसांत आणि नसला तर 15 दिवसांत पैसे द्यावेच लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक दरा’च्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीनं व्याज. शिवाय 2023 च्या अर्थसंकल्पातल्या तरतुदीमुळे ही मुदत चुकवली की प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत त्या खर्चाची आयकरात वजावट मिळत नाही. त्यांच्या अकाउंट्सवाल्यांना हे चांगलं ठाऊक असतं. तुमचा उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापा.

थकलेल्या पैशांसाठी सरकारच्या समाधान पोर्टलवर तक्रार करता येते, पण 70 टक्के काम देणाऱ्यावर तक्रार करणं किती जड जातं, हे मी जाणते. त्याआधी ‘ट्रेड्स’बद्दल, म्हणजे छोट्या उद्योगांची बिलं वटवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेबद्दल, विचारा. 250 कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना 31 मार्च 2025 पर्यंत त्यावर नोंदणी सक्तीची होती. त्यांनी तिथे तुमचं बिल मान्य केलं की बँका बोली लावतात, थोडा डिस्काउंट कापून पैसे तुमच्या खात्यात येतात. पुढे कंपनीनं बँकेला चुकवलं, तरी बँक तुमच्याकडे परत मागायला येत नाही. साहेबांना सांगा, बिलं ट्रेड्सवर घेत असाल तर मशीनचा विचार करतो. ते काय म्हणतात ते मला कळवा.

दरम्यान उरलेल्या पाच लाखांच्या गिऱ्हाइकांकडे स्वतः जाऊन या. आणि उद्यापासून माल पोचवल्याच्या डिलिव्हरी चलनावर मोठ्या कंपनीच्या स्टोअरचा शिक्का तारखेसकट घ्या. 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर पैसे देण्याची मुदत त्याच तारखेपासून मोजली जाते.