सात जण आणि एक लायसन

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला, सोबतचा नकाशाही पाहिला. शुक्रवारी लेक्चर संपलं की जर्मनीतल्या आखेनहून निघायचं आणि मध्यरात्री पॅरिस गाठायचं. शनिवारी आयफेल टॉवरपासून मोंमार्त्रपर्यंत पायपीट, रात्री पुन्हा गाडीत. वाटेत ब्रसेल्स आणि अँटवर्प ‘उतरून बघायचं’, रविवारी ॲमस्टरडॅम, आणि सोमवारी सकाळी आठला लॅब. सात डोकी, भाड्याची नऊ सीटर व्हॅन, आणि सगळ्यात खाली तुझा प्रश्न: ‘मावशी, जमेल ना?’

जा, जरूर जा. शिकायला आलेल्या पोरांची अशी एखादी वरात निघालीच पाहिजे. कोणी उशिरा उठेल, कोणी पासपोर्ट खोलीवर विसरेल, दोघांचं बिनसेल, दोघांचं जमेल. यातलं काहीही थांबवायला मी बसलेली नाही. पण एक ओळ तू अगदी सहज लिहून गेलीस: ‘ड्रायव्हिंग मीच करणार, लायसन आम्हा दोघांकडेच आहे.’ म्हणजे सहा जण सहलीला चाललेत आणि एक जण ड्युटीवर. हे पत्र ड्युटीवरच्या मुलीसाठी आहे. बाकीच्यांना हवं तर वाचून दाखव.

आधी बेरीज करू. आखेन ते पॅरिस सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास, पॅरिस ते ॲमस्टरडॅम पाचशेच्या वर, तिथून आखेन सव्वादोनशे. झाले साडेअकराशे. फोन त्याचे बारा तास दाखवेल, पण ब्रसेल्सच्या रिंगरोडवरची रांग, पॅरिसमध्ये शिरतानाची घुसमट आणि दर दीड तासाने कोणाला तरी लागणारी शू त्यात धरलेली नसते. पंधरा तास धर. एका दमात पुणे-नागपूर मारणाऱ्या मामाचा दाखला देऊ नकोस, तो मला पाठ आहे. इथे ट्रकवाल्याला, ज्याचा हा रोजचा धंदा आहे, साडेचार तास चालवलं की पाऊण तास थांबावंच लागतं, आणि एरवी दिवसाला नऊ तासांवर चालवता येत नाही. गाडीतलं यंत्र त्याची नोंद ठेवतं, पोलीस ती तपासतात. तुझी नोंद कोणी ठेवणार नाही, म्हणून तो नियम तूच स्वतःला लावून घे. त्यातही नऊ तास नकोत, सहा पुरे. ताशी १३० ने जाणारी गाडी एका सेकंदात ३६ मीटर पुढे जाते, आणि डुलकी एका सेकंदात आटपत नाही.

रविवारी रात्री हायवेवरच्या कुठल्याही पेट्रोलपंपावर थोडा वेळ उभी राहा, म्हणजे मी काय म्हणते ते दिसेल. पोरांनी भरलेली गाडी येते. आत सगळे तोंडं उघडी टाकून झोपलेले, काचांवर वाफ धरलेली. एकटा ड्रायव्हर उतरतो, पंपाला टेकून नुसताच उभा राहतो, पेट्रोल भरून झाल्याचा खटका वाजला तरी त्याला कळत नाही. मग मानेला हात लावून फोनमध्ये बघतो, अजून किती उरलेत. मला राग येतो तो शेजारच्या सीटवर झोपलेल्याचा. पुढची सीट ही झोपायची जागा नव्हे, ते काम आहे. नकाशा त्याने बघायचा, पाण्याची बाटली उघडून द्यायची, गाणी लावायची, बोलत राहायचं. डोळे मिटायला लागले की मागे जायचं आणि दुसऱ्याला पुढे पाठवायचं. ही अट तू घाल, आणि रात्री अकरानंतर गाडी चालणार नाही हीसुद्धा. मुक्कामाचे पैसे वाचवायला रात्री गाडी चालवायची कल्पना नेहमी अशाच माणसाच्या डोक्यातून निघते ज्याला स्वतःला चालवायची नसते.

आता लायसन. भारतीय लायसन जर्मनीत राहायला आल्यापासून सहा महिने चालतं. तू मार्चअखेर आलीस, जूनमध्ये निघालीस, तेव्हा तुझं ठीक आहे. मूळ लायसन आणि आरटीओतून आणलेलं इंटरनॅशनल परमिट दोन्ही जवळ ठेव. नुसत्या परमिटला अर्थ नाही. पण लायसनवाला दुसरा, तो हैदराबादचा मुलगा, ऑक्टोबरात आलाय ना? त्याची मुदत एप्रिलमध्ये संपली. घरी तो इनोव्हा चालवत असेल, तुझ्यापेक्षा सफाईने चालवत असेल, तरी आज इथे त्याने चालवली तर तो विनालायसन गाडी चालवण्याचा गुन्हा होतो. पावती फाडून सुटण्यातला प्रकार नव्हे, फौजदारी आहे. वर विमा कंपनीही झालेलं नुकसान वसूल करायला मागे लागू शकते. रात्री दोन वाजता तो म्हणेल, ‘अगं, सरळ हायवेच आहे, अर्धा तास देतो मी’, आणि त्या क्षणी ते फार शहाणपणाचं वाटेल. म्हणून हा विषय निघायच्या आधी, सगळ्यांसमोर, दिवसाढवळ्या बोलून टाक.

आणि त्या इटालियन मुलाला नीट विचारलंस का? ‘मी चालवत नाही’ आणि ‘माझ्याकडे लायसन नाही’ यांत फरक असतो, आणि आळशी मुलं पहिलं बोलून दुसरं भासवतात. युरोपीय संघातल्या कुठल्याही देशाचं लायसन इथे सगळीकडे चालतं. त्याच्याकडे असेल तर दुसरा ड्रायव्हर म्हणून त्याचं नाव करारात घालून घ्या. नाव नसताना त्याने चालवली तर विम्याच्या दृष्टीने त्याचं लायसन नसल्यासारखंच.

करार तुझ्या नावावर होणार, अनामत तुझ्या क्रेडिट कार्डवर अडकणार आणि पंचविशीच्या आतली म्हणून जादा पैसेही बहुतेक तुलाच लावतील. परदेशात गाडी नेणार हे आधी सांग, देशांची नावं करारात येऊ देत. अपघातात पहिली ठरावीक रक्कम आपल्या खिशातून जाते, ती हजार युरोंच्या घरात असू शकते. थोडे जास्त भरून ती कमी करता येते, आणि इथे काटकसर करायची नाही. मग ग्रुपवर एक मेसेज टाक: ओरखडा, पोचा, टोल, पार्किंग सगळ्यांत सारखं वाटलं जाईल, मान्य असेल त्याने ‘हो’ लिहावं. सहा ‘हो’ आल्याशिवाय गाडी बुक करू नकोस. टीटीएमएम पिझ्झ्यापुरतं छान असतं, पण मागच्या दाराला पोचा आला की तुझं-तू लगेच ‘तुझंच’ होतं. माझ्या मते तर चालवणाऱ्याकडून पेट्रोलचे पैसे घेऊच नयेत. यावर वाद घालणारा तुमच्यात एक तरी निघेल. तो कोण हे निघण्याआधी कळलेलं बरं.

गाडीबद्दल थोडं. नऊ सीटर तुझ्या लायसनवर चालते, पण तिची उंची दोन मीटरच्या आसपास असते आणि जुन्या शहरांतल्या कित्येक तळघर-पार्किंगची कमान एक मीटर नव्वदवर असते. मागे सहा जण ओरडत असताना रॅम्पवरून उलटी गाडी काढणं हा अनुभव घेतला नाही तरी चालेल. आदल्या रविवारी कोणाची तरी गाडी घेऊन एखाद्या सुपरमार्केटच्या मोकळ्या पार्किंगमध्ये तासभर फिरव. रविवारी दुकानं बंद, जागा रिकामी. उजव्या हाताने गिअर टाकायची सवय तिथे होते. इंडिकेटर द्यायला जाशील आणि वायपर चालू होतील, ते सगळ्यांचं होतं. उजव्या बाजूने चालवण्याचा धोका मात्र गर्दीत नसतो. गर्दीत पुढच्याच्या मागे गेलं की झालं. धोका असतो सकाळी सहाला, पंपावरून रिकाम्या रस्त्याला लागताना. समोर एकही गाडी नसते, आणि हात आपोआप गाडीला डावीकडे, पुण्याच्या बाजूला घेतो. अशा प्रत्येक वळणावर शेजारच्याने मोठ्याने ‘उजवीकडे’ म्हणायचं. हसू येईल, तरी म्हणायचं.

हद्द ओलांडली की वेगाचे नियम बदलतात. जर्मनीत हायवेच्या बऱ्याच भागावर मर्यादा नाही, म्हणून डाव्या लेनमध्ये तरंगत राहायचं नाही. ओलांडून झालं की उजवीकडे परत. बेल्जियममध्ये १२०. नेदरलँड्समध्ये बहुतेक हायवेवर सकाळी सहा ते संध्याकाळी सात १००, आणि तिथले कॅमेरे दोन ठिकाणांमधला सरासरी वेगही मोजतात, तेव्हा कॅमेरा दिसल्यावर ब्रेक मारण्याची आपली देशी युक्ती निकामी. दंड भाड्याच्या कंपनीकडे जातो, ती आपला हमालीचा आकडा लावून तुझ्याकडे पाठवते, तोही सगळे ट्रिप विसरून गेल्यावर. अँटवर्प, ब्रसेल्ससारख्या शहरांत प्रदूषणाचे झोन आहेत, जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना तिथे बंदी असते, बाहेरच्या नंबरप्लेटच्या नोंदणीचं निघण्याआधी बघून ठेव. कधी फ्रान्समध्ये पेट्रोल भरायची वेळ आली तर ‘गाझॉल’ म्हणजे डिझेल, नावावर जाऊ नकोस. पंपावरची खूण बघ: पेट्रोलला गोल, डिझेलला चौकोन. आणि जर्मनीत ट्रॅफिक जॅममध्ये डावी लेन आणखी डावीकडे, बाकीच्या उजवीकडे सरकून मधून ॲम्ब्युलन्सला वाट ठेवायची, गाड्या थांबायच्या आधीच.

सगळ्यांचे मूळ पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड सोबत हवेत. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने जमिनीवरच्या सगळ्या सीमांवर तपासणी सुरू केली आहे, परतताना थांबवू शकतात. ज्याचा व्हिसा संपलाय आणि कार्ड अजून हातात नाही, त्याने नुसत्या पावतीवर देश सोडू नये, आधी परदेशी नागरिकांच्या ऑफिसात विचारावं. ‘मला कोण अडवतंय’ म्हणणारा अडला तर सातही जण अडकतात.

आता माझं खरं मत, जे तू विचारलेलं नाहीस. या व्हॅनने पॅरिसला जाऊच नका. आखेनहून पॅरिसला थेट वेगवान रेल्वे आहे, तीन तासांच्या आत पोचवते, आणि पॅरिसमध्ये गाडी म्हणजे गळ्यातलं लोढणं. तिकिटं आधी काढा आणि त्या विकेंडला तूही मागे बसून झोप. ॲमस्टरडॅमचंही तेच. गाडी घ्यायचीच तर रेल्वे जिथे नीट पोचवत नाही तिथे न्या.

म्हणजे कुठे? जूनमध्ये इथे आखेनच्या राज्यात फ्रोनलाइखनाम या कॅथलिक सणाची गुरुवारची सुट्टी आहे, शुक्रवार मोकळा ठेवता आला तर चार दिवस मिळतात. बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये त्या दिवशी सुट्टी नसते, दुकानं उघडी असतात. (आपल्याकडचे जर्मन हे जाणून असतात, त्यामुळे सकाळी लवकर निघा.) पहिला मुक्काम बेल्जियममधलं गेंट, दोनशे किलोमीटर. ब्रुगपेक्षा मला गेंट आवडतं, ते विद्यार्थ्यांचं गाव आहे, रात्री कालव्याच्या कठड्यावर पाय सोडून बसायला कोणी पैसे मागत नाही. तिथून ओस्टेंडचा समुद्र. गाडी उभी करा आणि किनाऱ्याची ट्राम धरा, ६७ किलोमीटर ती समुद्राकाठाने धावते. मग टर्न्युझेनच्या बोगद्यातून खाली-वर होत नेदरलँड्सच्या झीलंड प्रांतात.

तुमच्यातले चार जण सिव्हिल आणि मेकॅनिकलचे आहेत ना, त्यांना तिथल्या ओस्टरस्खेल्डे खाडीच्या तोंडावरचा बंधारा दाखव. १९५३ च्या फेब्रुवारीत समुद्र आत घुसला आणि नेदरलँड्समध्ये १८३६ माणसं गेली, त्यानंतर बांधलेल्या कामांतला हा सगळ्यात अवघड. सुमारे नऊ किलोमीटर लांब, पोलादाची ६२ दारं. एरवी ती उघडी असतात, भरती-ओहोटी आतबाहेर करते, शिंपले आणि मासे जगतात. वादळ आलं की बंद. आधी खाडी कायमची बंद करायचं ठरलं होतं, कोळी आणि पर्यावरणवाले भांडले म्हणून ही महागडी दारं आली. १९८६ मध्ये काम पुरं झालं. रस्ता त्याच्यावरूनच जातो, एका बाजूला उत्तर समुद्र आणि दुसऱ्या बाजूला शांत पाणी. चालवणाऱ्यालाही पाहता येईल असं दृश्य दुर्मीळ असतं, तरी तू रस्त्याकडेच बघ, मधल्या बेटावर थांबायला जागा आहे. नंतर रॉटरडॅम, जवळच किंडरडाइकच्या १९ पवनचक्क्या, आणि घर. सगळं मिळून सातशेच्या आसपास, चार दिवसांत.

खाण्याचं तुला सांगायला नको, पण एक सांगते. बेल्जियमचे फ्राईज परंपरेने गोमांसाच्या चरबीत तळतात. तुमच्यात दोघं शाकाहारी आहेत, त्यांनी टपरीवर विचारून घ्यावं. तेलात तळणारेही असतात. सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी ने. पहिल्या दिवशी सगळे नाकं मुरडतील आणि रविवारी दुपारी तो ब्राझीलचा मुलगा डबा चाटून पुसून ठेवेल.

बाकी गोंधळ तुमचा तुम्ही घाला. कोण कोणाच्या खोलीत, गाणी कोणाची, उशीर कोणामुळे झाला, याची मला काळजी नाही.

तुझी,
मावशी

ता. क. आईला सांगितलंस का? मी आपणहून सांगणार नाही. पण तिने फोनवर सरळ विचारलं तर मी खोटंही बोलणार नाही, तेव्हा बुधवारच्या आत तूच सांग.